मरळ मेले नाहीत

१

सत्त्याहत्तर सालचा सप्टेंबर संपत आला होता. तीन दिवस चंदीगडवर ढग नुसते बसून होते. ना पाऊस, ना वारा. चौथ्या दिवशी सकाळी सुखना तलावाच्या बांधावर फिरायला आलेल्या लोकांना काठचं पाणी पांढरं दिसलं. जवळ जाऊन पाहिलं तर मासे होते. पोटं वर झालेली, एकाला एक लागलेले, दगडांपासून थेट पन्नास-साठ फुटांपर्यंत मेलेले मासे.

सुमेधा खांबेटे सायकल टाकून धावत उतरली तेव्हा साडेसहा वाजले होते. ती मूळची मिरजेची, विद्यापीठात प्राणिशास्त्र शिकवायची, आणि गेली सहा वर्षं या तलावातले मासे मोजत होती. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जाळं टाकायचं, मासा मापायचा, वजन घ्यायचं, पाठीच्या पराला नंबराचा बारीकसा बिल्ला अडकवायचा आणि त्याला पुन्हा पाण्यात सोडायचं. आज ते बिल्ले वाकून पाहायचीही गरज नव्हती. वरूनच दिसत होते.

तिनं सवयीनं वही काढली. रोहू. रोहू. कटला. मृगळ. रोहू. बिल्ला क्रमांक दोनशे सात, त्र्याहत्तरच्या मार्चमध्ये सोडलेला, तेव्हा वीतभर होता. आता तिच्या हाताएवढा. एकशे चाळीसपर्यंत लिहिल्यावर तिचा हात थांबला. पुढे लिहिण्यात अर्थ नव्हता. सगळ्यांची तोंडं उघडी होती आणि कल्ले ताणलेले होते. बोटभर लांबीची पिल्लं मात्र मेलेल्यांत फारशी नव्हती. उथळ पाण्यात ती अजून पृष्ठभागाला तोंड लावून होती.

दगडांच्या फटीत एक काळपट मासा पडला होता. तिनं हात लावताच त्यानं शेपटी झटकली आणि तो पाण्यात दिसेनासा झाला. मरळ होता. थोडं पुढे आणखी एक मरळ दिसला, तोही जिवंत.

"जहर डाला है किसी ने," मागे कुणीतरी म्हणालं. "पकड़ भी लिया. वो बुड्ढा झीवर."

सुमेधानं वळून पाहिलं. बांधाच्या टोकाला पोलिसांची जीप उभी होती आणि तिच्यात दोन शिपायांच्या मधोमध फग्गू बसला होता. सहा वर्षं तिची नाव वल्हवणारा, तिच्यासाठी जाळं टाकणारा म्हातारा कोळी फग्गू. तिनं हाक मारली. त्यानं तिच्याकडे पाहिलं, आणि मान फिरवली.

२

"डब्बा मिला है उसकी झुग्गी से," इन्स्पेक्टर ढिल्लों म्हणाले. ठाण्यातल्या त्यांच्या टेबलावर कीटकनाशकाचा एक जुना पत्र्याचा डबा ठेवला होता. कवटीचं चित्र अर्धं पुसलं गेलं होतं.

ढिल्लों काही वाईट माणूस नव्हते. त्यांची मुलगी सुमेधाच्या वर्गात शिकून गेली होती, त्यामुळे ते तिच्याशी आदबीनं बोलत. त्यांच्या मते प्रकरण सरळ होतं. तलावातल्या मासेमारीचा ठेका जुलैत सोहनलालनं घेतला. त्यानं फग्गूला जाळं टाकायला बंदी केली. फग्गूचा बाप-आजा याच चोमध्ये, म्हणजे इथल्या पावसाळी ओढ्यात, मासे धरायचा, तलाव बांधला जाण्याच्याही आधीपासून. तो चिडला आणि चार लोकांसमोर बोलून गेला, की मला मासे नाहीत तर कुणालाच नाहीत. झालं. मेलेले मासे आणि पाणी तपासणीला पाठवलं होतं, पण त्याचा निकाल यायला महिना-दीड महिना लागणार होता.

सुमेधानं डबा उलटा केला. झाकण डांबरानं बंद केलेलं होतं. कानाला तारेची कडी होती. तळाशी वाळलेल्या शेवाळाचा जाड पापुद्रा धरला होता. तिनं नखानं तो सोलून इन्स्पेक्टरांच्या हातावर ठेवला.

"हे चार-दोन दिवसांचं शेवाळ नाही, ढिल्लों साहेब," ती हिंदीतून म्हणाली. " हा डबा कितीतरी महिने पाण्यात तरंगत होता. जाळ्याला बांधायचा तरंगा आहे हा. मी स्वतः पाहिलाय, माझ्याच जाळ्याला असायचा. आणि दुसरं, मरळ मेलेले नाहीत."

"मतलब?"

"विष कालवलं असतं तर मरळही मेला असता, सिंघीही मेली असती आणि पिल्लं तर सगळ्यांच्या आधी गेली असती. मरळ आणि सिंघी पाण्यावर तोंड काढून आपल्यासारखी हवा घेतात. रोहू-कटल्यांना ते जमत नाही. पाण्यातला प्राणवायू संपला की आधी मोठे मासे जातात, तेही पहाटे, कारण रात्रभरात तो अगदी कमी झालेला असतो. हे मासे विषानं नाही मेले. गुदमरून मेलेत."

ढिल्लोंनी पापुद्रा टेबलावर झटकला.

"चलो, मान लिया. पर मैडम, फग्गू ने तो जुर्म कबूल कर लिया है. अभी, आपके आने से पहले. हमने पूछा भी नहीं था ठीक से."

३

कोठडीत फग्गू भिंतीला टेकून उकिडवा बसला होता. साठीचा, काटक, पांढऱ्या मिशांचा माणूस. सुमेधा गजांशी खाली बसली.

"मारलं का तुला कुणी?"

"नहीं बीबीजी. किसी ने हाथ नहीं लगाया."

"मग खोटं का बोललास?" असं विचारताना ती मराठीतच बोलून गेली आणि मग तिनं हिंदीतून पुन्हा विचारलं.

"झूठ नहीं है. मैंने ही मारी हैं."

"कशानं? काय टाकलंस पाण्यात?"

त्यानं पायाखालची फरशी नखानं खरवडली.

"बघ, तुला नावसुद्धा सांगता येत नाही."

फग्गूनं मान वर केली. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता, भीतीही नव्हती. आजारी माणसाला समजवावं तशा आवाजात तो म्हणाला, "आप घर जाओ, बीबीजी. आप इसमें मत पड़ो. जो हो गया सो हो गया."

आणि त्यानं तोंड भिंतीकडे फिरवलं.

बाहेर आल्यावर सुमेधा बराच वेळ सायकलचं हँडल धरून उभी राहिली. गुदमरून मेलेले मासे, आणि मी मारले म्हणणारा एक शहाणा माणूस. तीन ढगाळ दिवसांनी थोडे मासे गुदमरतात, हे तिनं एकाहत्तरमध्ये पाहिलं होतं. तेव्हा सकाळी सतरा मासे मेलेले मिळाले होते. या वेळी अख्खा तलाव मेला होता. नुसत्या ढगांचं हे काम नव्हे. पाण्यात काहीतरी सडत असलं पाहिजे, आणि खूप सडत असलं पाहिजे.

४

सोहनलाल ठेकेदार बांधाखाली ट्रकमध्ये मेलेले मासे भरून घेत होता. तोंडाला उपरणं बांधलं होतं. सुमेधाला पाहून त्यानं ते खाली ओढलं.

"मेरे ऊपर भी शक है आपको? अपना ही माल मारकर मुझे क्या मिलेगा, मैडम? तीन साल का ठेका है. पहला ही साल."

"शक नाही. शेवटचं जाळं कधी टाकलंत?"

"दस-बारह दिन हो गए." त्यानं आठवून सांगितलं. जाळं वर आलं ते गोगलगायींनी भरलेलं. सगळ्या मेलेल्या, शंख नुसते पोकळ, आणि वास असा की दोन माणसांना ओकारी झाली. त्यानंतर पाणवेलीही तांबूस पडायला लागल्या. त्याला वाटलं, ऋतू बदलतोय. "उससे पहले तीन दिन बोटिंग बंद थी. मरम्मत का बोर्ड लगा था."

"त्या तीन दिवसांत पाण्यावर कुणीच नव्हतं?"

"कोई नहीं. बस आपकी नाव घूमती थी. फग्गू वाली. सुबह-सुबह."

सुमेधानं मनात दिवस मोजले. त्या आठवड्यात तिनं नाव बाहेर काढायला सांगितलंच नव्हतं. मराठी मंडळाचा गणपती होता, ती मंडळाची चिटणीस, आठ दिवस तलावाकडे फिरकलीही नव्हती. पण बांधावर फिरणाऱ्या कुणालाही त्यात वावगं वाटलं नसतं. फग्गू आणि ती नाव, हे चित्र लोक सहा वर्षं पाहत आले होते.

ती किनाऱ्याच्या कडेनं चालत गेली. पायांखाली गोगलगायींचे शंख कुरकुरत होते. पाण्यात हात घालून तिनं पाणवेलींचा झुबका उपटला. तो हातातच लगदा होऊन सुटला. मासे चार तासांत मेले असतील, पण तलाव त्याआधी आठवडाभर मरत होता, आणि ते पाहायला तिथं कुणी नव्हतं.

पाणवेली कुणीतरी मारल्या होत्या. सगळ्या, एकदम.

५

पाणवेलींचा त्रास कुणाला होता, हे शोधायला लांब जावं लागलं नाही. पाच ऑक्टोबरला तलावावर नौकांच्या शर्यती होत्या, दिल्लीहून बडे पाहुणे यायचे होते, आणि वेलींत वल्ही अडकतात म्हणून उन्हाळ्यापासून ओरड चालली होती. तलावाची देखभाल करणाऱ्या कचेरीत कार्यकारी अभियंता होते कृष्णकांत टिपणीस. त्यांची बायको शालिनी ही सुमेधाची या गावातली एकुलती एक जिवाभावाची मैत्रीण.

संध्याकाळी ती त्यांच्या सेक्टर चोवीसच्या क्वार्टरमध्ये गेली. बाहेरच्या खोलीत लाकडी खोकी उघडी होती आणि शालिनी वर्तमानपत्रात कपबश्या गुंडाळत होती.

"ये गं. बस कुठेतरी. अगं, झाली एकदाची बदली! पुण्याला. परवाच कळलं, तुला सांगायलाच येणार होते." तिचा चेहरा उजळून निघाला होता. "नऊ वर्षं झाली, सुमेधा. सासूबाई तिकडे अंथरुणाला खिळलेल्या, आणि मी इथं. पोरं तर आता माझ्याशीसुद्धा हिंदीत बोलतात."

टिपणीस आतून आले. सडसडीत, नेहमी इस्त्रीच्या कपड्यांतला, मंडळाच्या आरतीला सगळ्यात खणखणीत आवाज लावणारा माणूस. आज दाढी केलेली नव्हती.

"फार वाईट झालं, सुमेधाताई," ते म्हणाले. "तुमची सहा वर्षांची मेहनत."

"कृष्णकांतराव, बोटिंग तीन दिवस का बंद होतं?"

"धक्क्याच्या फळ्या बदलल्या."

"त्या दिवसांत फग्गू पाण्यावर होता म्हणे."

"असेल. तो तर तुमचाच माणूस ना?"

चहा आला. तिनं कप हातात घेतला. टिपणीस तिच्या मागच्या भिंतीकडे पाहत होते. "त्याला लवकर सुटका मिळायला हवी," ते एकदम म्हणाले. "म्हातारा माणूस. पोलिसांनी जास्त ताणू नये." आणि ते उठून आत गेले.

शालिनी खोक्यात पेंढा भरत राहिली. सुमेधानं चहा तसाच ठेवला.

६

दुसऱ्या दिवशी उजाडताच ती आपल्या नावेपाशी गेली. नाव चिखलात अर्धी ओढून ठेवलेली होती. आत काही नव्हतं. कुणीतरी धुऊन काढली होती. मागच्या फळीवर एक लोखंडी कडी होती. जाळ्याचा दोर ओवायला फग्गूनंच ती ठोकली होती. सहा वर्षं तिनं ती कडी पाहिली होती, काळी, गंजकी, खरखरीत. आज ती तांबूस चमकत होती. आजूबाजूच्या खिळ्यांची डोकीही तशीच.

तिनं कडीवर नख ओढलं. तांबड्या पातळ थराखाली लोखंड निघालं.

शाळेत रसायनाच्या तासाला हा प्रयोग प्रत्येकानं पाहिलेला असतो. मोरचुदाच्या निळ्या पाण्यात लोखंडी खिळा बुडवला की त्यावर तांबं चढतं. मोरचुदानं भरलेली गोणी या कडीला बांधून नावेमागून पाण्यात ओढली गेली होती. एकदा नव्हे, तीन दिवस. मोरचुदानं आधी गोगलगायी मेल्या, मग शेवाळ, मग वेली. वेली सडल्या. सडताना त्यांनी पाण्यातला प्राणवायू खाल्ला. त्यात ढग आले, वारा पडला. सगळं ओळीनं लागलं.

तिनं तिथूनच ठाणं गाठलं. ढिल्लोंनी कडी स्वतः येऊन पाहिली, शिपायाकडून ती फळीसकट काढून घेतली आणि टिपणिसांच्या कचेरीत जाऊन आले. परतले तेव्हा दुपार झाली होती. त्यांनी पंखा लावला, शिपायाला बाहेर पाठवलं आणि दार लोटून घेतलं.

"टिपणीस साहब ने माना. नीला थोथा उन्होंने ही डलवाया. फग्गू को बोले, तालाब की दवाई है." त्यांनी फाइलमधून एक कागद काढला आणि तिच्यापुढे सरकवला. "पर वो कहते हैं, ये सलाह उनकी नहीं थी. मैडम, ये दस्तखत आपके हैं?"

इंग्रजीत टाइप केलेलं टिपण होतं. एप्रिलची तारीख. तलावातल्या पाणवनस्पतींसाठी मोरचुदाचं प्रमाण, गोणीतून नावेमागे ओढण्याची पद्धत. डाव्या समासात सही होती.

सही तिचीच होती.

७

एप्रिलमध्ये टिपणिसांनीच मागितलं म्हणून तिनं ते लिहून दिलं होतं, आणि विसरून गेली होती. कारण तिच्या मते तिनं तिथं नकारच लिहिला होता.

"हे दोन पानी टिपण होतं," ती म्हणाली. "हे नुसतं पहिलं पान आहे."

"फाइल में एक ही है."

तिनं कागद उचलला आणि टेबलावरच्या दुसऱ्या एका फुलस्केप कागदावर ठेवला. वरच्या कडा जुळवल्या. खाली तिचा कागद दोन बोटं आखूड होता. खालची कड पात्यानं कापलेली, जराशी तिरकी.

"पान संपलं की टायपिस्ट खाली उजवीकडे पुढच्या पानाचा आकडा टाकतो. तुमच्याकडेही टाकतात, बघा. तो आकडा कापलाय. आणि मी प्रत्येक पानाच्या समासात सही करते, त्यामुळे हे एकच पान पूर्ण पत्रासारखं दिसतंय."

विद्यापीठातून तिनं स्वतःची कार्बन प्रत आणली. दोन्ही पानं होती. ढिल्लोंनी ती वाचली आणि डोकं खाजवलं. "ये तो आप कल भी टाइप कर सकती थीं, मैडम. कोर्ट यही पूछेगा."

"मग चला माझ्याबरोबर."

टिपणीस कचेरीत एकटेच बसले होते. कपाटं रिकामी करणं चाललं होतं. ढिल्लोंना पाहून त्यांनी खुर्ची पुढे केली. सुमेधा उभीच राहिली.

"कृष्णकांतराव, माझ्या टिपणात मी खबरदारी लिहिली होती. ती का पाळली नाहीत?"

"सुमेधाताई, तुमचं टिपण फाइलला आहे तसं मी पाळलं. त्यात हप्त्याहप्त्यानं करा असं कुठं म्हटलंय? हिवाळ्यापर्यंत थांबा असंही कुठं नाही."

"मी हप्ते म्हटले नाहीत," सुमेधा हळूच म्हणाली. "हिवाळाही म्हटला नाही. मी फक्त खबरदारी म्हटलं. एका वेळी तलावाचा तिसरा हिस्सा, मध्ये पंधरा-पंधरा दिवस, आणि तेही डिसेंबरनंतर. हे दुसऱ्या पानावर होतं. ज्यानं ते पान वाचलंच नाही, त्याला ते कसं ठाऊक?"

टिपणिसांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"तीन आठवडे दिले होते मला," ते मराठीत म्हणाले. ढिल्लोंना कळो न कळो. "वरून सांगितलं, पाचला तलाव आरशासारखा हवा, नाहीतर बदलीचा कागद परत. आई गेली तर तोंडसुद्धा पाहायला मिळालं नसतं हो. दुसरं पान फाइलला असतं तर मोरचुदाला मंजुरीच मिळाली नसती. मला वाटलं, दोन-चारशे मासे मरतील. मासे काय, पुन्हा येतात. त्या म्हाताऱ्याला पकडतील असं मनातही नव्हतं. पकडल्यावर मात्र…" ते थांबले. "पकडल्यावर मी गप्प बसलो. ते मी केलं."

"त्यानं गुन्हा कबूल केला. का, ते माहीत आहे तुम्हाला?"

टिपणीस तिच्या नजरेला नजर देईनात. "तो औषध टाकायला तयार नव्हता. म्हणाला, बीबीजींना विचारतो. मग मी त्याला हे पान दाखवलं. त्याला वाचता येत नाही, पण तुमची सही तो ओळखतो. बिल्ल्यांच्या वहीत दर महिन्याला पाहायचा ना."

आता सुमेधा खाली बसली.

फग्गू कोठडीत तिलाच वाचवत बसला होता.

८

ढिल्लोंनी दोन दिवस कायद्याची पुस्तकं चाळली, वरच्या साहेबांना भेटून आले आणि मग सुमेधाला बोलावून घेतलं. फग्गूला सोडत होते. पुढे काय, असं तिनं विचारलं.

"आगे कुछ नहीं, मैडम." त्यांना ते सांगणं जड जात होतं, हे दिसत होतं. "कागज कटा है, ठीक है. पर दवाई तो सरकारी काम में डाली गई. ठेकेदार का मामला अलग चलेगा, सालों चलेगा. रिपोर्ट में मौसम लिखा है. बादल थे, हवा बंद थी. वो भी झूठ तो नहीं." मग ते म्हणाले, "कोई आदमी तो नहीं मरा ना."

तिनं आपला जबाब तरीही लिहून दिला. सात पानं. टिपण मीच लिहिलं होतं, प्रमाण पहिल्या पानावर आणि धोका दुसऱ्या पानावर लिहिण्याची चूक माझी, असं तिनं स्वतःच्या हातानं लिहिलं. ढिल्लोंनी ती पानं फाइलला लावली. पुढे ती कुणी वाचली नाहीत.

पाच ऑक्टोबरला शर्यती झाल्या. तोवर सगळे मासे उचलून झाले होते, काठावर चुना मारला होता. पाणी खरोखरच आरशासारखं दिसत होतं. टिपणीस कुटुंब आठ तारखेच्या गाडीनं गेलं. शालिनी भेटायला आली नाही. तिनं फक्त एक चिठ्ठी पाठवली. त्यात सुमेधाकडून आणलेल्या दोन पातेल्यांचा हिशेब होता, आणि खाली, खोडून पुन्हा लिहिलेलं, 'ह्यांना माफ कर असं मी म्हणणार नाही.'

९

फग्गूची झोपडी तलावामागच्या कैंबवाला गावाच्या वाटेवर होती. सुमेधा गेली तेव्हा तो आणि त्याची बायको संती सामान बांधत होते. रोपडला मुलीकडे जायचं ठरलं होतं. जाळी त्यानं कुणाला तरी देऊन टाकली होती.

तिनं सगळं सांगितलं. कापलेलं पान, दुसऱ्या पानावर काय लिहिलं होतं, तिनं हे औषध कधीच टाकायला सांगितलं नव्हतं. फग्गू ऐकत राहिला. तिला वाटलं होतं, त्याच्या चेहऱ्यावरचा भार उतरेल. तसं काही झालं नाही.

"मैं आया था, बीबीजी," तो म्हणाला.

"कधी?"

"दूसरे दिन. घोंघे ऊपर आ गए थे, मरे हुए. मुझे डर लगा. मैं आपके गणपती में आया था. आप थाली लेकर खड़ी थीं. आपने कहा, बाद में आना, फग्गू."

सुमेधाला आठवलं. मांडवाच्या दाराशी तो पागोटं हातात धरून उभा होता. आरती सुरू व्हायची होती, निरांजनं विझत होती, माणसं खोळंबली होती. तिला वाटलं होतं, पुढच्या महिन्याच्या जाळ्याबद्दल काहीतरी असेल. त्या दिवशी, पहिल्या गोगलगायी मेल्या तेव्हा, तलावाचा तिसरा हिस्साच झाला होता. त्या दिवशी थांबवलं असतं तर बाकीचं पाणी वाचलं असतं.

"तू परत का नाही आलास?"

"आपका दस्तखत था ना." त्यानं अगदी साधेपणानं सांगितलं. "मैंने सोचा, आप जानती हैं."

संतीनं गाठोडं उचलून दाराशी ठेवलं. सुमेधानं नुसते हात जोडले. फग्गूनं घाईघाईनं तिचे हात खाली केले.

"तुझी काही चूक नाही," ती म्हणाली.

"हाथ तो मेरे थे, बीबीजी. बोरी मैंने खींची. तीन दिन." तो उंबऱ्यावर बसला. समोर, कणसांच्या शेतापलीकडे, तलावाची एक चिंचोळी पट्टी चकाकत होती. "एक बात बताओ. मछली वापस कब आएगी?"

सुमेधाला उत्तर माहीत होतं. दर पावसाळ्यात टेकड्यांची माती चोंमधून तलावात येत होती. सुमेधा पहिल्यांदा इथं आली तेव्हा मध्यावर जी खोली होती, ती आता निम्म्यावर आली होती. सरकार मत्स्यबीज सोडेल, पण उरलेत ते मरळ, आणि मरळ पिल्लांवरच जगतो. तळाच्या गाळात आता तांबं बसलं होतं. गोगलगायी कधी येतील कोण जाणे. दोनशे सात नंबरच्या रोहूसारखा मासा या पाण्यात पुन्हा वाढलेला पाहायला ती नसेल, आणि फग्गू तर नसेलच.

तो तिच्याकडे पाहत थांबला होता.

"दो साल," ती म्हणाली. "दो साल में सब वापस आ जाएगी."

फग्गूनं मान हलवली, मनातल्या मनात काहीतरी मोजलं आणि संतीला हाक मारून सांगितलं, की दोन वर्षांनी परत यायचंय, झोपडीचं दार नीट बांध. सहा वर्षांत सुमेधानं त्याला एकही आकडा खोटा सांगितला नव्हता, म्हणून त्यानं लगेच विश्वास ठेवला.